'नाही' न म्हणण्याचा धंदा

खेळ सुरू व्हायच्या आधी कोणी ना कोणी स्टेजच्या मागे येतंच. इकडंतिकडं बघतं आणि हळू आवाजात विचारतं, "खरं सांगा, घरून पाठ करून येता ना?" आम्ही नाही म्हटलं की तो माणूस डोळा मारतो आणि "बरं बरं" म्हणत आपल्या खुर्चीवर जाऊन बसतो. असे डोळे मारणारे मला गावोगाव भेटले. जळगावात भेटले, एरंडोलला भेटले. एका गावात तर खुद्द सरपंचांनी मारला.

म्हणून आधी धंदा काय आहे ते सांगते. आम्ही स्टेजवर रिकाम्या हातांनी जातो. लिहिलेलं नाटक नसतं, ठरवलेलं एक वाक्य नसतं. मागे मंडळाचा फ्लेक्स आणि पुढे दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. समोरच्या लोकांना आम्ही म्हणतो, एक जागा सांगा, एक नातं सांगा, एक वस्तू सांगा. कोणी ओरडतं, "एस्टी स्टँड!" कोणी म्हणतं, "सासू-जावई!" मागून एखादा बेरकी आवाज येतो, "कुकरची शिट्टी!" झालं. त्या घटकेपासून मी सासू, माझा जोडीदार जावई, आणि स्टँडवर आम्ही दोघं हरवलेली शिट्टी शोधतोय. मोठ्या शहरांत याला इम्प्रोव्ह म्हणतात. आमच्याकडे लोक 'आयत्या वेळचं नाटक' म्हणतात. आमच्या ग्रुपचं नाव 'हाव, मंग'. इथल्या बोलीत 'हाव' म्हणजे हो आणि 'मंग' म्हणजे मग.

हे नाव म्हणजेच आमचा नियम. जोडीदारानं जे दिलं ते घ्यायचं, म्हणजे 'हाव'. आणि त्यात आपलं घालून पुढे ढकलायचं, म्हणजे 'मंग?' तो म्हणाला, तुझ्या डोक्यावर कोंबडी बसली आहे, तर "कुठं? काही नाही" असं म्हणायचं नाही. तसं म्हटलं की तो बिचारा चार लोकांत उघडा पडतो. म्हणायचं, "हाव, अंडं देईपर्यंत मान हलवू नको म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी." बाकी आवाज, चालणं, रडणं सगळं शिकता येतं. तोंडावर आलेलं 'नाही' गिळणं तेवढं अवघड, असं सगळे म्हणतात.

मला ते अवघड गेलं नाही. मला 'नाही' म्हणताच येत नव्हतं.

मी तळकोकणातली. आठवीत शाळा सुटली, मग काजूच्या कारखान्यात बी फोडायला बसले आणि लग्न होऊन थेट जळगावला आले. आमचे हे चटईच्या कारखान्यात कामाला. इथलं ऊन वेगळं, पाणी वेगळं, बोलणं वेगळं, 'ठरलं आहे'ला इथं 'ठरेल शे' म्हणतात. मासे दिसले की मला रडू यायचं आणि न दिसले तरी यायचं. भाजीवाल्यानं नको ती भाजी पिशवीत घातली तरी मी घेऊन यायची. शेजारणीनं कोणाच्या बारशाला चला म्हटलं की जायची, कोणाचं बारसं ते तिथं गेल्यावर कळायचं.

अशीच एकदा ब्लाउज सैल करायला एका शिंप्याच्या दुकानात गेले. मशीनवर पांढऱ्या दाढीचा माणूस मान खाली घालून शिवत होता. वर न बघताच म्हणाला, "या सुमनबाई. भडगावहून सकाळचीच गाडी धरली का?"

मी सुमनबाई नव्हते. पण माणूस इतक्या आपुलकीनं विचारतोय, त्याला कसं चूक ठरवायचं? मी म्हटलं, "हो."

"पोराचं लग्न कुठवर आलं?"

"ठरलं."

"अरे वा! सोयरीक कुठली?"

आदल्या दिवशी एस्टीवर एक पाटी वाचली होती. "एरंडोलची," मी म्हटलं.

"सून काय करते?"

घाबरले की मला समोर दिसेल ते बोलायची सवय. समोर मशीन होतं. "शिवणकाम करते."

मशीन थांबलं. "मंग माझ्याकडं कशाला आल्या?"

"ती अजून घरात यायची आहे ना."

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. खरी सुमनबाई. त्या माणसानं चष्मा वर केला, तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तिला म्हणाला, "या, बसा. तुमच्या पोराचं लग्न ठरेल शे. सून शिवणकाम करते." आणि मग असा हसला की कात्री खाली पडली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो मात्र टेप घेऊन उठला. माप घेताना म्हणाला, "अंग चोरून उभ्या राहता तुम्ही. मुंढा सैल ठेवतो. हात वर करायला लागतील." मुंढा म्हणजे काखेजवळची गोलाई. मी विचारलं, मला कशाला हात वर करायला लागतील? "ते सांगतो. गुरुवारी या. गाव कोणतं?" मी माझ्या गावाचं नाव सांगितलं, ते कुठं आहे ते सांगितलं. "इतक्या लांबून? मंग जेवून जा." आणि आत बायकोला हाक मारून ताट वाढायला लावलं.

ते शब्बीर मास्टर. शिंप्याला मास्टर म्हणतातच, पण आमच्या ग्रुपमध्येही ते मास्टरच होते. ग्रुप काढला नंदूभाऊंनी, त्यांचं मोबाइलचं दुकान, मूळचे चोपड्याचे. दर गुरुवारी दुकानं बंद झाली की एका शाळेच्या वर्गात तालीम. पहिल्या गुरुवारी मी आमच्या यांना घेऊन गेले आणि दाराशीच उभी राहिले. मास्टरांनी आतून हाक मारली, "या सुमनबाई! सून काय म्हणते?" मी तिथूनच म्हटलं, "माझंच ब्लाउज बिघडवलं तिनं." वर्ग हसला. आमचे हे पण हसले. लग्न झाल्यापासून मी कोणाला हसवलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "नाटकात? आणि पाठ कसा करतंस गो?"

"पाठ करूचा लागत नाय."

"म्हणजे आमच्या दशावतारी लोकांसारख्या?"

"तसाच."

"मग ठीक आसा," ती म्हणाली. आमच्याकडं देवळापुढं राजे आणि राक्षस रात्रभर मनानंच बोलतात, त्यामुळे तिला ते नवल नव्हतं. जळगावात मात्र ते सगळ्यांना नवल.

भडगावकडच्या एका गणेश मंडळाचे अध्यक्ष नाना म्हणून होते. ते म्हणाले, आधी संहिता दाखवा, मग स्टेज देतो. आम्ही म्हटलं, नाना, संहिता नसते. "मंग मी परवानगी कशाले देऊ?" नाना काही हलेनात. मास्टरांनी खिशातून कोरे कागद काढले, चष्मा लावला आणि नानांसमोर बसून सबंध नाटक वाचून दाखवलं. दोन प्रवेश, एक भांडण, मध्ये एक बैल. पान उलटताना बोटाला थुंकी लावायचे. नाना खूश. खेळ अर्थातच तिसराच झाला, कारण लोकांनी विषय दिला 'दवाखाना'. खेळ संपल्यावर नाना मास्टरांना बाजूला घेऊन म्हणाले, "मस्त झालं. पण ते बैलाचं वाक्य गाळलं तुम्ही. ध्यानात आलं माझ्या." मास्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "नाना, बैल ऐन वेळी आजारी पडला. दवाखाना त्याच्यासाठीच घेतला."

असे मास्टर. डोकं चाकूसारखं. दुसऱ्याला कधी लहान करायचं नाही, ही त्यांची शिकवण. मी घाबरून थिजले की ते मला एखादी वस्तू द्यायचे. नसलेलीच, पण हातात नीट ठेवायचे. "हे धर गाठोडं, जड शे." हात जड झाले की मला बोलायला सुचायचं.

एक आखाजीचा खेळ सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात तो लेकींचा सण. सासरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. भाऊ न्यायला येतो. बायकांच्या एका कार्यक्रमात आम्ही विषय मागितला, तर मागच्या रांगेतली एक वयस्क बाई उठून म्हणाली, "माले लेवाले कोनीच उना नही." मला न्यायला कोणी आलंच नाही.

यावर हसवणार काय? मी मास्टरांकडं पाहिलं. ते हातात नसलेल्या मोटारसायकलचं हँडल धरून स्टेजभर फिरायला लागले होते. किक मारतायत, गाडी बंद पडतेय, परत किक. "ताई कुठं राहते? ताई कुठं राहते?" असं विचारत स्टेजवरून खाली उतरले आणि त्या बाईसमोर जाऊन गाडी लावली. स्टँडवर नीट लावली. "उशीर झाला ताई. गाडी लई खराब शे. चाल, झोका बांधेल शे." ती बाई हसता हसता रडायला लागली आणि खरंच त्यांच्यामागं स्टेजवर आली. मी आई झाले. मी तिला खुर्चीवर बसवून झोका दिला. मास्टर बाजूला उभे राहून तिच्या नवऱ्याची नक्कल करत होते, आणि ती, "हाव, तसाच बोलतो मेला!" म्हणून टाळ्या पिटत होती.

परत येताना जीपमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. मलाही कधी कोणी न्यायला आलं नव्हतं. आमच्याकडं ही आखाजी नाही, आणि भाऊ आहे तो फोन उचलत नाही. मी काही बोलले नव्हते. पण पुढच्या आखाजीला सकाळीच मास्टर दारात. हातात आंबे, मागं त्यांची लेक रुक्साना डबा घेऊन. "चला, झोका बांधेल शे," म्हणाले. दुकानाच्या मागच्या निंबाला त्यांनी खरंच झोका बांधला होता. तेव्हापासून दर आखाजीला ते मला न्यायला आले. जळगावात माझं माहेर म्हणजे ते शिंप्याचं दुकान. हे सांगते ते एवढ्यासाठी, की पुढं माझ्यावर काय पाळी आली ते तुम्हाला कळावं.

पाठांतराच्या नाटकात नट वाक्य विसरला की लगेच कळतं. आमच्यात कळत नाही. आमच्यात विसरलेलंही देणंच असतं आणि दिलेलं घ्यायचंच असतं. एका खेळात मी मास्टरांची बहीण होते. अर्ध्यात ते मला "अम्मी" म्हणाले. मी लगेच पदर डोक्यावर घेऊन आई झाले. टाळ्या पडल्या. दुसऱ्या एका खेळात त्यांनी तीच गोष्ट परत पहिल्यापासून सुरू केली. मी म्हटलं, "हाव, काल पण हेच म्हणाला होतास, आणि काल पण भात करपला होता." हशा. नंदूभाऊ म्हणाले, "काय टाकलं मास्टर तुम्ही! परत तेच, वा!" मास्टरही हसले. पण मग मागे नळावर तोंड धुवायला गेले आणि कितीतरी वेळ धूत राहिले.

त्याच दिवशी जीपमध्ये त्यांनी विचारलं, "आपण कुठून येऊन राहिलो?"

मी म्हटलं, "चंद्रावरून, मास्टर."

नंदूभाऊ म्हणाले, "हाव, तिथं पण मानधनाच्या नावानं नारळच दिला." सगळी जीप हसली.

मास्टरांनी खरंच विचारलं होतं.

आमच्याच लोकांकडून होईल अशी ही चूक. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसांनी सरळ उत्तर दिलं असतं, "एरंडोलहून येतोय, का हो, बरं वाटत नाही का?" आम्हाला सरळ उत्तर द्यायची सवयच राहिली नव्हती. ते चाचपडत होते आणि आम्ही त्यांच्या प्रत्येक चाचपडण्याला टाळी घेत होतो. त्यातली सगळ्यात जास्त मी घेतली, कारण जोडीदार मी. त्यांनी सोडलेला प्रत्येक टाका मीच इतक्या सफाईनं उचलला की फाटलेलं कोणाला दिसलंच नाही.

मग कोणीतरी मोबाइलवर काढलेला एक तुकडा गावभर फिरला. त्यात मास्टर स्वतःचं नाव आठवतायत आणि मी एकेक नाव सुचवतेय. लोक पोट धरून हसतायत. आम्हाला बोलावणी वाढली. फोन यायचे, "ते विसरणारे बाबा येतील ना? त्यांनाच आणा." नंदूभाऊ आधी खूश होते. मग एकदा फोन ठेवून माझ्याकडं वळले. म्हणाले, "ताई, हे बरोबर नाही वाटत मला." मी म्हटलं, "मलाही." पण पुढचं बोलावणं आम्ही घेतलंच.

चोपड्याला दुपारचा खेळ झाला. सामान भरेपर्यंत मास्टर चहाला म्हणून गेले आणि शिरपूरच्या, म्हणजे उलट्या दिशेच्या गाडीत जाऊन बसले. कंडक्टर भला माणूस. मास्टरांच्याच मोबाइलवरून त्यानं रुक्सानाला फोन केला. आम्ही जीप घेऊन मागं गेलो, तर एका फाट्यावर, केळीच्या बागेच्या कडेला ते एकटेच बसले होते. कंडक्टरनं त्यांना तिथल्या रसवंतीवाल्याकडं सोपवलं होतं. मला बघून उठले. म्हणाले, "विषय काय दिला लोकांनी?"

त्या वेळी मी हसले नाही.

रुक्साना दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. दुकानात बापाशेजारी बसून ती फॉल-पिको करते, बोलणं कमी. म्हणाली, "ताई, दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणतात हे वाढत जाणार. गर्दी, आवाज, लाइट, नको. मी अब्बांना सांगितलं, स्टेज बंद करा. ऐकत नाहीत. अम्मीचं पण ऐकत नाहीत." मग म्हणाली, "तुमचं ऐकतील. तुम्ही त्यांना 'नाही' म्हणा."

"मी?"

"लोक हसतात त्यांना. त्यांच्या कामाला हसत होते तेव्हा मी पण हसायची. आता त्यांना हसतात. तो माझा बाप शे, ताई."

धुळ्याला एक खेळ ठरलेला होता. मी शब्द दिला, धुळ्याच्या आधी सांगते.

सांगायला गेले. मास्टर मशीनवर होते. हात अजून बरोबर चालत होते, नवल म्हणजे हातांना काही विसर पडला नव्हता. मी म्हटलं, "मास्टर, ते धुळ्याचं..."

"हाव, धुळ्याले निळा कोट घालतो. रुक्सानाकडून इस्तरी करून घेतला."

माझ्या तोंडून आलं, "निळा छान दिसतो तुम्हाला."

आणि मी घरी आले. परत गेले, तेव्हा ते म्हणाले, "तू आहेस म्हणून जमतं पोरी, नाहीतर मला काय येतं आता?" त्यावर काय 'नाही' म्हणणार? तिसऱ्या वेळी तर दुकानाच्या पायरीवरूनच फिरले. आमचे हे म्हणाले, "अगं, एक शब्द तर आहे." मी म्हटलं, तोच तर मला येत नाही. ज्या माणसानं माझ्या 'नाही' न म्हणता येण्याचं मोल केलं, माझ्या भित्रेपणाला टाळ्या मिळवून दिल्या, त्यालाच नाही म्हणायचं? स्टेज गेलं की हा माणूस उरेल किती, या विचारानं मी दर वेळी परत फिरायची.

धुळ्याचा हॉल भरलेला. संध्याकाळचा खेळ, व्यापारी मंडळींचा कौटुंबिक कार्यक्रम. निळ्या कोटात मास्टर देखणे दिसत होते. निघताना रुक्साना नुसती माझ्याकडं बघत राहिली होती. मी मनाशी म्हटलं, आजचा एवढा निभावू, उद्या सांगू.

नंदूभाऊंनी विषय मागितला. पुढच्या रांगेतून एक माणूस ओरडला, "टेलरचं दुकान!" मास्टर टेलर आहेत हे त्याला काय ठाऊक? लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठरलं.

सुरुवात फार छान झाली. मी गिऱ्हाईक, ते मास्टर. त्यांनी नसलेली टेप गळ्यात टाकली, नसलेल्या खडूनं खूण केली. लोक हसत होते, आणि खरं सांगते, मीही मनातून सुखावले. मग त्यांनी विचारलं, "रुक्साना शाळेतून आली का?"

मी म्हटलं, "हाव, आली, दप्तर फेकून खेळायला गेली."

"मंग दुकान बंद करतो. उशीर झाला." ते खिसे चाचपायला लागले. कोटाचे, मग पँटचे, मग परत कोटाचे. "चावी?"

लोकांना मजा वाटली. त्या मोबाइलवरच्या तुकड्यातले हेच ते, असं कोणीतरी शेजारच्याला सांगितलं. मोबाइल वर झाले.

"चावी कोणी घेतली?" मास्टर फ्लेक्सजवळ गेले आणि हातानं कापड चाचपत दार शोधायला लागले. "माझं दुकान उघडं शे. कोणी घेतली चावी?" वळून माझ्याकडं पाहिलं. खेळात असताना त्यांच्या डोळ्यांचा एक कोपरा कायम जोडीदारावर असायचा. तो कोपरा नव्हता. त्या डोळ्यांत मी कोणीच नव्हते. "बाई, तुम्ही घेतली का?"

सगळा हॉल माझ्या उत्तराची वाट बघत होता. माझ्या जिभेवर 'हाव' तयार होतं. हाव, मी घेतली, आणि गिळली. मोठा हशा आला असता. इतक्या वर्षांची सवय, तोंड उघडलंही होतं. पण त्यांचे हात अजून खिसे चाचपत होते, आणि ते हात मी कधी असे चुकताना पाहिले नव्हते.

मी जवळ गेले आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"नाही, मास्टर."

लोक हसले.

"काय नाही?" त्यांनी विचारलं.

"चावी नाही. दुकान नाही इथं. हे धुळं आहे, मास्टर. हॉल आहे. खेळ संपला. आता नाही खेळायचं."

परत थोडे हसले. मग पुढच्या रांगेतला तो विषय देणारा माणूस हसायचा थांबला. मग त्याच्या शेजारची बाई. मागपर्यंत ते पोचायला वेळ लागला. मोबाइल एकेक करून खाली आले. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी चारचौघांत 'नाही' म्हटलं होतं. वाटलं, आता ते हात झटकतील. आता हा माणूस माझ्यामुळं उघडा पडला.

मास्टर माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांची हनुवटी जराशी वर आली, तालमीत यायची तशी. म्हणाले,

"हाव. मंग?"

माझं 'नाही'सुद्धा त्यांनी घेतलं. आणि पुढं काय, ते मला विचारलं.

मी म्हटलं, "मंग... घरी जाऊ. जेवायला."

"चाल," ते म्हणाले. आम्ही समोरच्या पायऱ्यांनी उतरलो आणि लोकांमधूनच बाहेर आलो. टाळी कोणी वाजवली नाही. एका म्हाताऱ्यानं उठून मास्टरांच्या कोटाच्या बाहीला नुसता हात लावला.

त्यानंतर मास्टर स्टेजवर गेले नाहीत. विचारतील, हट्ट करतील अशी धास्ती होती, पण त्यांनी पुन्हा विषयच काढला नाही. विसरले की मानलं, ते मला माहीत नाही. 'हाव, मंग' चालू आहे. नंदूभाऊ नवीन मंडळी तयार करतात, मी त्यांना शिकवते. कोंबडीचं उदाहरण देते, गाठोडं हातात ठेवते. एक गोष्ट मात्र मास्टरांनी शिकवली त्याहून जास्तीची सांगते. समोरचा खेळतोय की बुडतोय, ते आधी त्याच्या डोळ्यांत बघा आणि मगच 'हाव' म्हणा.

दुकान आता रुक्साना चालवते. मशीनच्या बाजूला मास्टर खुर्चीवर बसतात. मी दुपारी जाते. ते मला रोज काहीतरी देतात, कधी नणंद, कधी नगरपालिकेची बाई, कधी लाइट बिलवाली, आणि मी घेते. इथं लोक नाहीत, मोबाइल नाहीत. इथं 'हाव' म्हणायला हरकत नाही. यंदाच्या आखाजीला ते न्यायला आले नाहीत. मीच गेले. झोका रुक्सानानं बांधला होता.

मागच्या आठवड्यात गेले तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही त्या बाजूच्याच ना? आमच्याकडं एक कोकणातली बाई येते. ओळखता का तिला?"

रुक्सानानं मशीन थांबवलं.

मी म्हटलं, "हाव. ओळखते."

"कशी शे ती?"

"बरी आहे. अजून भिते."

"भितेच ती," ते म्हणाले, आणि हसले. मांडीवर रुक्सानानं दिलेला एक कापडाचा तुकडा होता. त्याची त्यांनी नीट घडी घातली, वरून हात फिरवला आणि माझ्यापुढं धरला. "तिचं ब्लाउज तयार शे, एवढं तिले द्या. आणि सांगा, मुंढा सैल ठेवला शे. हात वर करता येतील."

मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"हाव," मी म्हटलं. "सांगते तिला."